‘रडेल, पण विश्वास ठेवू नका’

महोदय,

‘गांजा, एमडी सोडवा. घरून नेण्याची सोय.’ आपल्या पेपरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या छोट्या जाहिरातींत ही ओळ असते. त्या ‘सोयी’बद्दल लिहितो आहे.

माझा भाचा १६ वर्षांचा. गांजा ओढतो हे कळल्यावर बहिणीने अशाच एका नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईने पोराचं नाव विचारायच्या आधीच विचारलं, ‘घरातले पैसे चोरतो का?’ चोरायचा. ‘मग आठ दिवसांत हाताबाहेर जाईल. आजच गाडी पाठवते.’ रात्री साडेदहाला गाडी आली. आजीला बरं नाही, गावी निघायचंय, असं त्याला मी सांगितलं. ही थाप त्यांनीच पढवलेली. बिचारा स्वेटर घालून आपणहून गाडीत बसला.

तिथे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले, ‘परत मिळणार नाहीत’ यावर सही घेतली. डॉक्टर दिसलेच नाहीत; त्यांच्या सहीची जागा कोरी. मग म्हणाले, ‘२१ दिवस भेट नाही, फोन नाही. नंतर रडेल, मारतात म्हणेल. सगळेच म्हणतात. विश्वास ठेवायचा नाही.’

बाकी सगळं एकवेळ सोडून देईन, हे वाक्य नाही. बाविसाव्या दिवशी भाचा म्हणाला, ‘मामा, रात्री बांधून ठेवतात.’ मनगटावर वळ होते. आणि मी म्हणालो, ‘थोडं सोस, बाळा.’ बहिणीने मात्र माझं ऐकून न घेता तिथल्या तिथे त्याची पिशवी मागितली.

पुढे ओळखीच्या वकिलांनी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दाखवला. व्यसनाचे आजार त्यात येतात. कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल करण्याआधी दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण काळ सोबत हवं, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. आम्हाला तर फाटकातूनच परत पाठवलं होतं!

अशा केंद्रांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. जाहिरात घेताना तो क्रमांक मागा आणि जाहिरातीतच छापा, एवढी विनंती.

गांजा सुटला का, छातीठोक सांगत नाही. भाचा घरी आहे. गावी जायचं म्हटलं की आधी स्वतः आजीला फोन लावतो.

– एक मामा, इचलकरंजी
(नाव छापू नये)