कुणी जाळली ते सांग की

सातारा,
रविवार दुपार

प्रिय नंदे,

परवा फोनवर म्हणालीस, "दिवाळीच्या सुट्टीत दार लावून बसते आणि प्रबंधाची दोन प्रकरणं उडवूनच टाकते." मी गप्प बसले. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि मला जे बोलायचं होतं ते दोन शिट्ट्यांच्या मध्ये मावणारं नव्हतं. म्हणून पत्र.

दार लावून बसायचा प्रयोग मी करून बसलेय. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात २१ दिवस माहेरी गेले होते. माडीवरची खोली, टेबल, पंखा, आईच्या हातचं आयतं जेवण. पहिले चार दिवस टिपणं लावण्यात गेले, पुढचे तीन फॉन्ट बदलण्यात. मग अपराधी वाटायला लागलं म्हणून 'आधी अजून थोडं वाचून घेऊ' सुरू झालं. शेवटचा आठवडा उरला तेव्हा भूत शिरल्यासारखी रात्री दोन-दोनपर्यंत खरडत बसले. २६ पानं झाली. घरी येऊन वाचली तर त्यातली ४ ठेवण्यासारखी होती. पानं गेली त्याचं एवढं नाही, पण पुढे अडीच महिने ती फाईल उघडायची छातीच झाली नाही. एकदम जेवलेल्या माणसाला ताटाकडे बघवत नाही ना, तसं.

आता काय करते ते सांगते. सकाळी ६.१० ते ६.५०. बस्स. सातला नळाला पाणी येतं, त्यामुळे उठावंच लागतं, आणि खरं सांगू का, यातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. वेळ संपणार हे ठाऊक असलं की फॉन्ट आठवत नाहीत. ४० मिनिटांत दीडशे-दोनशे शब्द होतात. कधी साठच. तू हसशील, पण गेल्या जूनपासून या हिशेबाने तीन प्रकरणांचे कच्चे खर्डे झालेत, आणि मधे परीक्षा, पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली हे सगळं यथासांग झालंय.

यात एक युक्ती आहे, ती मात्र नीट ऐक. उठताना विषय संपवायचा नाही. दही संपवताना आपण चमचाभर विरजणाला ठेवतो की नाही, तसं. मी परिच्छेद अर्धा सोडते आणि त्याखाली उद्याचं वाक्य ओबडधोबड लिहून ठेवते: "आता इथे मुदतीच्या कायद्याचं सांग, मग सुप्याच्या दंग्याकडे ये." सकाळी डोळे चोळत बसलं तरी हात आपोआप चालतो. विरजण ठेवायला विसरले त्या दिवशी पहिली वीस मिनिटं पडद्याकडे बघण्यात जातात. एका जुन्या डायरीत रोज एक ओळ लिहिते: तारीख, किती मिनिटं, उद्या काय. शब्द मोजून बघितले होते, सोडून दिलं. आकडा वाढवायला मी 'त्याचप्रमाणे' आणि 'या अनुषंगाने' पेरायला लागले होते.

खंड पडतोच. मार्चमध्ये पर्यवेक्षण आणि तपासणी केंद्र यांत माझे १७ दिवस गेले. परत बसताना नवं काही लिहायला घेतलं नाही. एक तळटीप नीट केली, दोन तारखा पडताळल्या, उठले. तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर.

इथवर सवयीचं झालं. पण तू मला खरं विचारलं होतंस ते वेगळंच. तुझे सर म्हणाले, "मजकूर आहे, पण भाषा जड झालीय." त्याचं काय करायचं?

माझी गोष्ट सांगते. माझा विषय तुला माहीत आहे, १८७५ चे दख्खनचे दंगे. १२ मे १८७५, बुधवार, सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी लोकांनी सावकारांकडची कर्जाची खतं, कोर्टाचे हुकूमनामे हिसकावून जाळले. माझ्या दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काय होतं माहितेय? "सदर प्रकरणामध्ये १८७५ साली घडून आलेल्या दंग्यांच्या पार्श्वभूमीचा आढावा घेण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे." मोज. घडून येणं, घेणं, प्रयत्न करणं, करण्यात येणं. इतकी क्रियापदं आणि कुणी काही केलेलंच नाही! अशी ४० पानं होती.

एका रविवारी सासूबाई ओट्याशी पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मला मोठ्याने वाचून बघायचं होतं, आणि भिंतीपेक्षा माणूस बरा म्हणून त्यांच्यासमोर वाचायला घेतलं. "त्यानंतर सावकारांच्या ताब्यातील बंधपत्रे जाळण्यात आली." त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "बंधपत्रं म्हणजे?" मी म्हटलं, कर्जाचा कागद. "मग खत म्हण की." मी पुढे वाचायला लागले तर परत थांबवलं. "अगं, कुणी जाळली ते सांग की."

नंदे, मला ते माहीतच नव्हतं. वाक्य मोठं रुबाबदार होतं, पण कुणी जाळली याचा पत्ता माझ्या टिपणांतही नव्हता. कुणबी होते का फक्त? गावचा पाटील कुठे होता? बाजाराला आलेले परगावचे लोक होते का? 'जाळण्यात आली' या दोन शब्दांच्या टोपलीखाली मी माझं अज्ञान झाकून ठेवलं होतं, आणि माझ्या सरांनाही दोनदा वाचून ते दिसलं नव्हतं. मग चार दिवस रजा टाकून पुण्याला पुराभिलेखागारात जाऊन बसले. काही गावांचं सापडलं, काहींचं नाही. नाही सापडलं तिथे आता सरळ लिहिते, "कोणी जाळली ते उपलब्ध कागदांवरून कळत नाही." एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली.

शेंगा संपल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं. "खत जाळलं म्हणजे कर्ज फिटलं का?" त्या प्रश्नाचा आज माझा अख्खा उपविभाग झालाय. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खतावरून दावा लावायची मुदत ३ वर्षं केली. हेतू कर्जदार कुळाला वाचवायचा, पण झालं उलटंच. मुदत भरत आली की सावकार मुद्दल आणि थकलेलं व्याज एक करून नवं खत लिहून घ्यायचा, आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज. म्हणजे कर्ज राहत होतं ते त्या कागदात. म्हणून तर खतं मुकाट्याने हातात दिली तिथे लोकांनी सावकाराला सहसा हात लावला नाही, असं चौकशी आयोगानेच नोंदवलंय. पुढे १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खतामागचा मूळ व्यवहार उकरून बघायची मुभा दिली. हे सगळं माझ्याकडे वेगवेगळ्या कागदांवर आधीपासून होतं. एका ओळीत आणलं ते सासूबाईंनी.

आता तुझं. परवा पाठवलेल्या पानात तू लिहिलंयस, "ऊसतोड मजुरांना हंगामापूर्वी उचल देण्यात येते." उचल म्हणजे आगाऊ पैसे, ते कोण देतं? तू मला फोनवर तासभर सांगितलं होतंस: पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे, आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी, पण उचलीचा व्यवहार नवऱ्याशी. हे फोनवर किती सरळ सांगितलंस! लिहिताना मुकादम गेला, बायको गेली, उरलं 'देण्यात येते'. तुझा प्रबंध नेमका त्या बायकांवर आहे गं.

तुझी भाषा जड नाही. तू इंग्रजी अहवाल शेजारी उघडा ठेवून लिहितेस, म्हणून त्यातली 'जे की', 'ज्यायोगे' सगळी तुझ्या मराठीत उतरतात. मीही तेच करत होते. आता अहवाल मिटते, काय वाचलं ते मोठ्याने स्वतःला सांगते, मग लिहिते, आणि शेवटी अवतरण-आकडे जुळवायला पुन्हा उघडते. वेळ जास्त जातो. जाऊ दे. मुदतीची धास्ती घेऊ नकोस. २०२२ च्या यूजीसीच्या नियमांत पीएच.डी.ला ६ वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने २ मिळतात आणि आपल्याला बायका म्हणून आणखी २.

एक मात्र पथ्य पाळ. लिहिताना दुरुस्त करू नकोस. सकाळी खरडायचं, करण्यात-येण्यात जे येईल ते येऊ दे. शनिवारी दुपारी लाल पेन घेऊन बसायचं आणि प्रत्येक 'ण्यात आले'ला थांबवून विचारायचं. सगळीच काढायची नाहीत हं. 'आयोग नेमण्यात आला' इथे मी ठेवते, तिथे कुणी नेमला हा माझा मुद्दा नाही.

तर सोमवारपासून असं करू. सकाळी सव्वासहाला मला 'बसले' एवढा मेसेज टाक, उठताना 'उठले'. मीही टाकीन. गप्पा नाहीत, सुप्रभातची फुलं तर अजिबात नाहीत. आणि ते दुसरं प्रकरण आहे तसं पाठव, सजवत बसू नकोस. मी सासूबाईंना वाचून दाखवीन. त्यांची मावशी ऊसतोडीला जायची, त्यामुळे तुला माझ्यापेक्षा जास्त प्रश्न येतील.

तुझी,
वैशू

ता. क. सुप्याचा उल्लेख कुठे केलास तर बारामती तालुक्यातलं असं स्पष्ट लिही. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी नकाशावर पारनेरच्या सुप्यावर ठिपका दिला होता आणि वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.