सोनेरी चित्र विकताय, तर सोनं की पितळ ते लिहा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

हल्ली बऱ्याच आर्ट एक्झिबिशनमध्ये हातकागदावर सोनेरी वर्ख लावलेली चित्रं दिसतात. मी स्वतः हेच काम करते, त्यामुळे मला त्याचा आनंदच आहे, पण शेजारच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मिक्स्ड मीडिया, गोल्ड लीफ’ लिहिलेलं असतं आणि किंमत वाचून माणसाला वाटतं की सोनंच असणार, आणि बऱ्याचदा ते पितळ असतं.

इमिटेशन लीफ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणजेच पितळ. ते वापरण्यात काही गैर नाही, शिकताना तर तेच वापरावं. पण वरून वार्निश किंवा शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात दिला नाही तर ते काळवंडतं, हिरवट डाग पडतात, आणि मुंबई-कोकणातल्या दमट खाऱ्या हवेत तर लवकरच. खऱ्या सोन्याचा वर्ख असा खराब होत नाही. तो मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, चिमटीत धरायला गेलात की बोटालाच चिकटून चुरा होतो, म्हणून रुंद मऊ ब्रश गालावर फिरवतात आणि त्वचेचं जे किंचित तेल ब्रशला लागतं त्यावर वर्ख उचलतात. पितळी वर्ख जाड असतो, तो सरळ हाताने उचलता येतो.

कागदाचंही तेच. खरा हातकागद बहुतेकदा सुती चिंध्यांच्या लगद्याचा, तो टिकाऊ असतो पण ओलावा पितो, त्यावर थेट डिंक लावला की आत मुरतो आणि वर्ख धरत नाही. आधी जिलेटिनचा किंवा पातळ अॅक्रिलिक मीडियमचा हात द्यायचा, तो वाळला की साईज, म्हणजे वर्ख चिकटवायचा डिंक, लावायची आणि थांबायचं, बोटाच्या पेराची मागची बाजू टेकवल्यावर चिकट लागली पण ओली लागली नाही की वर्ख ठेवायचा, वर बटर पेपर ठेवून हलकेच दाबायचं. खरखरीत कागदाच्या खळग्यांत वर्ख फाटतो, आणि खाली गेरूसारखा लाल रंग दिलेला असेल तर तो मधून डोकावतो, ते फार सुंदर दिसतं!! मशीनच्या गुळगुळीत शीटवर ही मजा नाही, तरी हँडमेड टेक्श्चरच्या नावाखाली तसली शीट्स सर्रास खपवली जातात.

आणि हे आपल्याकडे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं हो. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात शतकानुशतकं कागद बनत आला, दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर मराठ्यांची दप्तरं लिहिली गेली, पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. एवढं जवळ असताना क्लासमध्ये शिकणाऱ्या मुलांना कागद कशाचा आहे हे सांगितलंच जात नाही.

माझी विनंती एवढीच, चित्राच्या चिठ्ठीवर ‘२३ कॅरेट सोन्याचा वर्ख, सुती हातकागद’ किंवा ‘पितळी वर्ख, वार्निशसह’ असं स्पष्ट लिहावं, किंमत काय लावायची ती लावा. गॅलरीवाल्यांनी चित्र भिंतीवर लावायच्या आधी हे विचारून घ्यावं, आणि तुमच्या पुरवणीत प्रदर्शनाची बातमी येते तेव्हा तुमच्या प्रतिनिधीनेही चित्रकाराला एवढा एक प्रश्न विचारावा.

— एक चित्रकार वाचक, पुणे