बाळ्यास पत्र: मध्याच्या मुग्धाचा प्रश्न

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळ्या,

मध्याची मुग्धा आयईएस, म्हणजे सरकारच्या भारतीय आर्थिक सेवेत, निवडली गेली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पण बाप तिला म्हणतोय, 'सोडून दे आणि परत आयएएसला बस.' पोरगी तडक माझ्याकडे आली. 'काका, मनमोहन सिंगांच्या वाटेने जायचं तर यातली कुठली गाडी पकडू?' आता या विषयावर माझ्याशी हुज्जत घालणारा गावात कोणी उरला नाही, तो नागपुरात जाऊन बसलाय. म्हणून इतक्या दिवसांनी लिहितोय. तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे.

मध्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आपले चिंतामणराव देशमुख आयसीएस होते. 1943 ते 49 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, 1950 ला अर्थमंत्री, 52 ला कुलाब्यातून लोकसभेवर, आणि 56 ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. म्हणजे कलेक्टरीच्या वाटेनेही तिथे जाता येतं. पण तो काळ वेगळा होता. मुग्धाच्या डोक्यात डॉक्टरेट आहे. केंब्रिज, ऑक्सफर्ड, भारताच्या निर्यातीवरचा प्रबंध, की झालं. मधली वीस वर्षं तिला दिसतच नाहीत.

तीच तर बघायची. 1971 ला मनमोहन सिंगांना दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या मास्तरकीतून उचलून व्यापार खात्यात सल्लागार केलं. 72 ला मुख्य आर्थिक सल्लागार, 76 ला अर्थ खात्यात सचिव, मग नियोजन आयोग, 82 ते 85 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पुन्हा नियोजन आयोगात उपाध्यक्ष, विकसनशील देशांचं जिनिव्हातलं साऊथ कमिशन, पंतप्रधान चंद्रशेखरांचे सल्लागार, यूजीसी. एकच फाइल पैसे मागणाऱ्याच्या टेबलावर कशी दिसते, नाही म्हणणाऱ्याच्या टेबलावर कशी आणि नोटा काढणाऱ्याच्या टेबलावर कशी, हे तिन्ही बघून झालेलं. 21 जून 1991 ला अर्थमंत्री म्हणून शपथ घेतली तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम पंधरवड्याच्या आयातीला पुरणारी. शिकायला वेळच नव्हता.

तू लगेच म्हणणार, 'कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने लिहून दिलेल्या कागदावर सही केली, त्यात काय?' खानावळीतलं ते भांडण मी विसरलेलो नाही. भडंगाची पुडी फेकून मारली होतीस. पण क्रम बघ. 1 जुलैला रुपया साधारण नऊ टक्के उतरवला. 3 जुलैला आणखी अकरा. आधी बाजार काय करतो ते बघायचं, मग दुसरं पाऊल. मध्ये पंतप्रधान नरसिंहरावांचा धीर सुटला, दुसरं थांबवा म्हणाले. तोवर डेप्युटी गव्हर्नर रंगराजनांनी रिझर्व्ह बँकेतून जाहीर करून टाकलं होतं! आणि लगेच चिदंबरम यांच्या व्यापार खात्याने निर्यातदारांचं रोख अनुदान बंद केलं. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला भाव आपोआप मिळतो, अनुदानाची गरज राहत नाही आणि तिजोरीतले पैसे वाचतात. निर्यातीवर प्रबंध लिहिलेल्या माणसाला ही जोडणी कुणी शिकवावी लागत नाही. तेव्हा डॉलरसाठी परदेशी पाठवलेल्या सोन्याचं म्हणशील तर स्टेट बँकेकडचं 20 टन मे महिन्यातच, आधीच्या सरकारच्या काळात, स्वित्झर्लंडला गेलं होतं. जुलैतले 47 टन रिझर्व्ह बँकेचे, त्यावर 40 कोटी 50 लाख डॉलरचं कर्ज मिळालं. (आपल्या विट्याच्या, सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांना कुणी विचारलं नाही, हा त्यांचा राग अजून आहे म्हणे.)

माझी खरी काळजी खताची आहे. 24 जुलैच्या बजेटात खतांचे भाव चाळीस टक्के वाढवले. स्वपक्षाच्याच खासदारांनी गोंधळ घातला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चाळीसचे तीस झाले, वर लहान शेतकऱ्याला सूट. आता दुकानाच्या गल्ल्यावर लहान शेतकरी कोण, हे ठरवायचं कुणी? सातबारा घेऊन कोण उभा राहतो? पुढच्या वर्षी, ऑगस्ट 92 मध्ये, स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं नियंत्रण काढलं, पण युरियाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. उलट तो दहा टक्के स्वस्त केला. एकाचा भाव मोकळा आणि दुसऱ्याचा बांधलेला, मग शेतकरी काय टाकणार? वाळव्यात उसाच्या सरीत युरियाच पडणार. अर्थशास्त्र बरोबर होतं, अर्धंच अमलात आलं, आणि अर्धं औषध न घेतल्यापेक्षा वाईट पडलं. ते अर्धं कोण करतो आणि का, हे मुग्धाला कुठल्या पेपरात विचारणार?

उलट 1994 चा करार बघ. त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक कमी पडली की 91 दिवसांची तदर्थ हुंडी, म्हणजे सरकारच्या उधारीची चिठ्ठी, आपोआप निघायची, 4.6 टक्क्यांनी, आणि बँक पैसे द्यायची. तूट कितीही असो, विचारणारं कोणी नाही. सप्टेंबर 94 मध्ये अर्थ खात्याने आणि बँकेने मिळून त्याला मर्यादा घातली, वर्षअखेर 6,000 कोटी, आणि 1997 पासून ती हुंडी बंदच. गव्हर्नर राहून आलेल्या अर्थमंत्र्याने स्वतःच्याच खात्याचे हात बांधले. यावर ना मोर्चा निघाला, ना सभात्याग.

बरं, आयईएसचा अडथळा वेगळाच. पोस्टिंग कुठल्याही मंत्रालयात. टिपण ती लिहिणार, सही दुसऱ्याची. सचिवांच्या खुर्च्या बहुतेक आयएएसकडे, आणि मुख्य आर्थिक सल्लागार बहुधा बाहेरून आणतात. म्हणजे दोन्ही दारं अर्धवट. मनमोहन सिंगही आत आले ते मास्तरकीतूनच! आणि निवडणूक? आधी आसाममधून राज्यसभा, 1999 ला दक्षिण दिल्लीत लोकसभा लढवली तर पडले. शिवाय 91 ला अर्थमंत्री व्हायला पंतप्रधानांनी आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेलांना विचारलं होतं, ते नको म्हणाले. पटेल हो म्हणाले असते तर पोरीने आज मला कुणाच्या वाटेचं विचारलं असतं?

मला वाटतं, तिने आयईएस घ्यावी, अर्थ खात्यातल्या आर्थिक व्यवहार विभागासाठी हट्ट धरावा, आणि पाच-सात वर्षांनी रजा काढून डॉक्टरेट करावी. आयएएस नको. मध्याला हे सांगायची हिंमत तुझ्यात आहे, माझं तो ऐकत नाही. 'सांगलीचे अर्थतज्ज्ञ' म्हणून हसतो, गाढव.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन केलं का? सुमीच्या बदलीचं काय झालं? तासगावचा बेदाणा कुरिअरने पाठवलाय, हिरवा, पोचला की कळव.

मुग्धाला महिनाअखेरीस होकार-नकार कळवायचा आहे. त्याआधी लिही. फोन करू नकोस, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

तुझा,
अण्णा