बाबांचं पुटपुटणं

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आवाज कापरा झाला, आईनं "बरं, बघू" म्हणून विषय बदलला आणि मीही तो बदलू दिला. म्हणून लिहितेय. आई, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. रडू आलं तर थोडं थांब, पण पूर्ण वाच.

मी राजीनामा दिला आहे. पुढच्या महिन्यापासून थिऑलॉजी, म्हणजे बायबल आणि विश्वासाचा सखोल अभ्यास, शिकायला जातेय. इब्री (हिब्रू) आणि ग्रीक, बायबलच्या मूळ भाषा, दोन्ही शिकणार. फी भरून झाली आहे, ती माझ्या साठवलेल्या पैशातून. तुमच्या औषधांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यांना मी हात लावणार नाही. कामावरचा कंटाळा म्हणून मी हे केलेलं नाही. कुणाच्या सांगण्यावरूनही नाही. चार वर्षं हे मनात होतं आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला "आई-बाबांचं वय बघ" असं सांगून गप्प केलं.

तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून हेही सांगते. आधी मी बायबलमधलं वचन शोधत बसले होते, तुमच्यापुढे ठेवायला. मत्तय 10:37 सापडलं, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. त्याखाली रेघसुद्धा ओढली. दुसऱ्याच दिवशी माझ्या रोजच्या वाचनात मार्कचा सातवा अध्याय आला. तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते ‘कुर्बान’, देवाला अर्पण झालं, असं म्हणून मुलगा आई-बापाला मोकळ्या हातानं परत पाठवतो. आणि येशू म्हणतो, असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता. पेन हातातच राहिलं. देवाचं नाव घेऊन मी नेमकं तेच करायला निघाले होते.

बाबा, तुम्हीच शिकवलं होतं, वचन तोडून घेऊ नकोस, मागचं पुढचं वाच. रानात येशूची परीक्षा घेताना सैतानानंही स्तोत्र 91 मधलंच वचन काढून दाखवलं होतं, आणि येशूनं तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकातून दिली होती. माझ्या बाजूनं बोलणारी ओळ आपल्याला चटकन सापडते. माझ्यासाठी शास्त्र खरं होतं ते मला अडवतं तेव्हा. त्या दिवशी त्यानं मला अडवलं. म्हणून तिथेच राहून तीन वर्षांत संपणारा अभ्यास मी सोडला आणि पाच वर्षांचा घेतला. चार दिवस वर्ग, उरलेले तीन दिवस तुमच्याजवळ. दर आठवड्याला. यावर आता वाद नको.

बाबांना वाटतं, फार शिकलं की विश्वास पातळ होतो. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण इब्रीची तोंडओळख करून घेताना काय सापडलं ते ऐका. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो, असं आहे ना? तिथला मूळ शब्द ‘हागा’. त्याचा अर्थ नुसता विचार करणं नाही, हलक्या आवाजात पुटपुटणं. यशयात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द आहे आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठीही तोच. हे वाचलं आणि मी एकदम सहा वर्षांची झाले. अंधार असायचा, पांघरूण नाकापर्यंत, आणि पलीकडच्या खोलीतून तुमचं ते पुटपुटणं. शब्द एकही कळायचा नाही. ते सुरू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं कळायचं, आणि मी पुन्हा झोपायचे. बाबा, तुम्ही ‘हागा’ करत होता. मूळ भाषेनं माझ्याकडून काही काढून घेतलं नाही, तुमचा आवाज परत दिला.

आई, आता तुझ्याशी. दादाच्या त्या वर्षी घरी येणारा जो तो रोमकरांस पत्रातलं 8:28 म्हणायचा, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात. वचन खरं आहे, पण त्या दिवसांत ते तुझ्यावर दगडासारखं पडत होतं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर बरे होते, बोलू लागले आणि बिघडलं. तू पुस्तक मिटलंस आणि मला वाटलं, आईचा विश्वास गेला. मग एका रात्री दाराआडून ऐकलं, बाबा तुला स्तोत्र 88 वाचून दाखवत होते. त्यात कुठेही सांत्वन नाही. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. ते संपल्यावर कितीतरी महिन्यांनी तू "आमेन" म्हणालीस. कुणीतरी हे आक्रंदन लिहून ठेवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी ते खोडलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. माझा स्वतःचा विश्वास त्या दारापाशी सुरू झाला. त्याआधी होता तो तुमचा.

अजूनही काही पानं मला कळत नाहीत. काही वाचून त्रास होतो, आणि तो मी प्रार्थनेत तसाच सांगते. येशू शास्त्र शोधणाऱ्यांना म्हणाला होता, ते माझ्याविषयी साक्ष देतात, तरी तुम्ही माझ्याकडे यायला तयार नाही. अभ्यासाच्या ढिगात मी तेच विसरले तर बाबा, रागवा. तो हक्क तुमचाच आहे.

आता कामाचं. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची आहे. म्हणून दोन बाटल्यांमधले थेंब लागोपाठ घालायचे नाहीत, मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची. "आज बरं दिसतंय" म्हणून एकही वेळ चुकवायची नाही. रात्री उठताना आधी दिवा. आई, तू बाबांसाठी जागत बसू नकोस, तुझं ब्लडप्रेशर वाढलं तर मला वर्गात बसवणार नाही.

वाचता येत नाही म्हणून बाबा गप्प गप्प झालेत, ते मला फोनवरही कळतं. म्हणून मी स्तोत्रं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली आहेत. फोनच्या पहिल्याच पानावर पिवळं चिन्ह आहे, बाबांचं बोट चुकलं तरी तेच लागेल. 119वं पूर्ण आहे, 176 ओव्या, पण दर आठ ओव्यांनी थांबलेय. मुळातही ते आठ-आठ ओव्यांच्या बावीस कडव्यांत आहे, इब्री मुळाक्षरांच्या क्रमानं. बाबा, त्या थांब्यात तुम्ही पुढची ओवी म्हणा. तुम्हाला ती पाठ आहे, आणि पुटपुटायला डोळे लागत नाहीत.

71वं मी तीनदा रेकॉर्ड केलं. उतारवयात माझा त्याग करू नकोस, तिथे प्रत्येक वेळी आवाज गेला. शेवटी तसंच ठेवलंय. आई, ते लावशील तेव्हा दोघं जवळ बसा. शनिवारी दुपारपर्यंत मी पोचते. दार आतून लावून घ्या, माझ्याकडे किल्ली आहे म्हणून उघडं ठेवू नका.

तुमची
धाकटी