हॉरफर्डला घ्यावे, पण सेंटर म्हणूनच

संपादक महोदय,

एनबीएचे (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) 2025-26 हंगामाचे सराव शिबिर तोंडावर आले आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे करारबद्ध खेळाडू जेमतेम नऊ आहेत. सध्या करारमुक्त असलेला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) अल हॉरफर्ड याचे नाव जुलैपासून चर्चेत आहे. ‘39 वर्षांच्या माणसावर पैसे कशाला घालायचे,’ असे म्हणणारे त्याची गुणांची सरासरी दाखवतात: गेल्या हंगामात बोस्टनकडून 60 सामने, सरासरी 9 गुण. या खेळाडूवर आयुष्यभर अन्याय झाला तो याच रकान्यामुळे. पाच वेळा ऑल-स्टार होऊनही मोठ्या नावांत त्याला कुणी धरले नाही.

वॉरियर्सला काय हवे आहे ते आधी पाहा. ड्रेमंड ग्रीन आणि जिमी बटलर दोघेही लांबून भरवशाचे नाहीत. त्यांच्यासोबत सेंटरला ट्रेस जॅक्सन-डेव्हिस आला, की प्रतिस्पर्धी या तिघांना बाहेर मोकळे सोडून बास्केटखाली गर्दी करतात आणि संघाचा मुख्य नेमबाज स्टेफ करी याच्यावर दोन-दोन जण धावतात. मे महिन्यात मिनेसोटाविरुद्ध करी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. तो सामना जिंकूनही पुढचे चारही सामने गेले, कारण बटलरला आत घुसायला वाटच उरली नव्हती. हॉरफर्डचे तीन गुणांचे 36 टक्के फेक आत जातात. तो रेषेबाहेर उभा राहिला तर समोरच्या उंच सेंटरला बास्केट सोडून यावेच लागते. संघातला दुसरा सेंटर क्विंटन पोस्ट याचाही नेम चांगला आहे, पण चपळ गार्डसमोर तो मागे पडतो. हॉरफर्ड पिक अँड रोलमध्ये (सहकाऱ्याच्या आडोशाने होणाऱ्या चढाईत) मागे राहून बास्केट राखतो आणि वेळ पडली तर गार्डलाही अंगावर घेतो.

फिलाडेल्फियाची चूक मात्र विसरू नये. 2019 मध्ये त्यांनी त्याला चार वर्षांचा, 10.9 कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार दिला आणि जोएल एम्बीडच्या शेजारी पॉवर फॉरवर्डला खेळवले. दोन सेंटर एकाच जागेभोवती घोटाळू लागले आणि बाहेरच्या वेगवान फॉरवर्डमागे धावणे हॉरफर्डच्या वाट्याला आले. एका हंगामानंतर पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क (नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क) वर देऊन त्याला ओक्लाहोमा सिटीला धाडले. तिथे 28 सामन्यांनंतर तरुणांसाठी बसवून ठेवले. 2021 मध्ये बोस्टनने त्याला परत आणले. 2024 च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) बोस्टनचा सेंटर पोर्झिंगिस जखमी होताच हाच ‘संपलेला’ खेळाडू सेंटरला उभा राहिला, इंडियानाविरुद्ध एका सामन्यात त्याने सात थ्री-पॉइंटर टाकले आणि बोस्टन विजेता झाला.

आता पैसे. करदात्या संघांना (पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडून लीगला कर भरणाऱ्यांना) बाहेरचा खेळाडू घेण्यासाठी मिळणारी मिड-लेव्हल सवलत 2025-26 साठी 56.85 लाख डॉलरची आहे. ती वापरली की संघाचा एकूण पगार हंगामभर दुसऱ्या एप्रनच्या (पगाराच्या वरच्या मर्यादेच्या), म्हणजे सुमारे 20.78 कोटींच्या, वर नेता येत नाही. नऊ जणांचे सुमारे 17 कोटी झालेच आहेत. वॉरियर्सचाच करार संपलेला तरुण फॉरवर्ड जोनाथन कुमिंगा याला समजा 2.2 कोटी दिले, हॉरफर्डचे 57 लाख धरले आणि किमान पगारावर तिघे अनुभवी घेतले (एक वर्षाचा करार असेल तर प्रत्येकी सुमारे 23 लाखच मोजले जातात, उरलेले लीग भरते), तर बेरीज 20.46 कोटींच्या आसपास येते. म्हणजे बसते, पण काठावर. म्हणूनच कुमिंगाचा आकडा ठरल्याशिवाय हॉरफर्डची सही घेणे धोक्याचे.

वापरही बेताने हवा. लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एका रात्री त्याला पूर्ण विश्रांती, एरवी 20 ते 24 मिनिटे. लागोपाठच्या सामन्यांत बोस्टननेही त्याला असेच जपले. ग्रीन जखमी झाला म्हणून त्याची मिनिटे हॉरफर्डवर टाकू नयेत. ती पोस्टला द्यावीत. ह्यूस्टनच्या स्टीव्हन अ‍ॅडम्ससारखा दणकट सेंटर समोर असेल तेव्हा रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचे चेंडू) हातचे जातील. तिथे जॅक्सन-डेव्हिसच बरा.

करार दोन वर्षांचा मागितला तर द्यावा, दुसरे वर्ष त्याच्या मर्जीवर ठेवावे लागले तरीही. पाच टक्के वाढ धरून ती रक्कम 60 लाखांच्या आतच राहते.

– एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, पुणे