भट्टीतला कार्बन आणि दरडोईचे कोष्टक

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत भूतान आणि आइसलँड या दोन छोट्या देशांच्या औद्योगिक उत्सर्जनाचे कोष्टक छापून आले होते. दरडोई आकडा पाहून लेखकाने भूतानला शाबासकी दिली, आइसलँडला दोष दिला आणि विषय आटोपला. जगाच्या एकूण हिशेबात दोघांचाही वाटा चिमूटभर आहे. पण तुलना करायचीच तर ती माणसांच्या डोक्यांवरून न करता भट्टीत काय घडते त्यावरून करावी, असे मला वाटते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षे काढली. चुनखडीची एक ग्रॅम भुकटी मुशीत घालायची, हजार अंशांच्या आसपास तापवायची आणि थंड झाल्यावर पुन्हा तोलायची, हे रोजचेच काम. वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास घट येई. तिला आम्ही ‘एलओआय’ (लॉस ऑन इग्निशन, तापवल्यावरची घट) म्हणत असू आणि वहीत आकडा टाकून मोकळे होत असू. ते हरवलेले वजन म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. भट्टीला उष्णता कोळशाची द्या नाहीतर धरणाच्या विजेची, दगडातला हा वायू सुटायचा तो सुटतोच. म्हणूनच आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत इंधन जाळून निघालेला वायू ऊर्जेच्या खात्यात जातो आणि कच्च्या मालातून निघालेला औद्योगिक प्रक्रियेच्या खात्यात. आपल्या कोष्टकात ही दोन्ही खाती एकत्र झाली आहेत आणि नेमका तिथेच घोळ आहे, कारण या दोन्ही देशांची स्वतःची वीज जवळपास पूर्णपणे स्वच्छ आहे.

आइसलँडमध्ये बॉक्साइटचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाचा, खडाही निघत नाही. अ‍ॅल्युमिना (बॉक्साइटपासून केलेली भुकटी) जहाजाने येतो, नद्यांच्या आणि भूगर्भातील उष्णतेच्या स्वस्त विजेवर तीन मोठ्या कारखान्यांत त्याचे वर्षाला सुमारे आठ लाख टन अ‍ॅल्युमिनियम होते आणि ते जवळजवळ सगळे परदेशी जाते. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी दोन टन! पॉटमध्ये, म्हणजे विजेने धातू वेगळा करण्याच्या टाकीत, वीज आत नेणारे कार्बनचे अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनातील ऑक्सिजनशी संयोग पावून झिजत जातात आणि दर टन धातूमागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडतात. नुसता हा हिशेब दरडोई तीन टनांवर जातो. त्यात तिथल्या माणसाच्या राहणीचा काहीएक संबंध नाही. शिवाय पॉटमधला अ‍ॅल्युमिना कमी पडला की व्होल्टेज एकदम चढते आणि कार्बन टेट्राफ्लुओराइड हा वायू तयार होतो. त्याचा एक टन तापमानवाढीच्या शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सात हजार टनांइतका भारी पडतो. पॉटवरचे नियंत्रण सुधारल्यामुळे 1990 पासून हे प्रमाण दर टन धातूमागे पुष्कळ खाली आले. कारखानदारीचे हे खरे श्रेय आपल्या कोष्टकात कुठेच दिसत नाही.

भूतानचे चित्र वेगळे असले तरी रसायनशास्त्र तेच आहे. गोमटू आणि न्गांगलाम इथे सिमेंट होते, तर आपल्या जयगावच्या सीमेला लागून असलेल्या पासाखा वसाहतीत फेरोसिलिकॉनच्या, म्हणजे लोखंड आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या, भट्ट्या आहेत. तिथे गारगोटीतला ऑक्सिजन कोळशाच्या कार्बनने ओढून काढतात. हा माल मुख्यतः भारतातल्या पोलाद कारखान्यांसाठी येतो; उत्सर्जन भूतानच्या खात्यावर चढते आणि पोलाद आपल्या. उलट हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतान भारताकडून वीज घेतो. त्या विजेचा कोळसा भारतात जळतो आणि भारताच्याच खात्यात राहतो. देशाच्या सुमारे सत्तर टक्के भूमीवर जंगल असल्याने भूतान एकूण हिशेबात ‘कार्बन उणे’, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन शोषणारा, ठरतो, हे कौतुकास्पदच आहे. मात्र जंगलाने शोषलेला कार्बन हे तिसरे खाते आहे आणि ते पासाखाच्या धुरांड्यातून वजा करून दाखवणे मला पटत नाही.

छोट्या देशात एक भट्टी उभी राहिली तरी राष्ट्राचा आलेख उडी मारतो. विकसित देशांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या क्योटो करारातही हा प्रश्न आला होता. 2001 मध्ये मराकेश इथे खास नियम झाला, त्यानुसार अगदी कमी उत्सर्जनाच्या विकसित देशाला नूतनीकरणक्षम विजेवरच्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा प्रक्रियेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, वर्षाला सरासरी सोळा लाख टनांच्या मर्यादेत, वेगळा दाखवण्याची मुभा मिळाली. ती आइसलँडच्या मागणीवरून आली. ही सवलत रास्त होती की पळवाट, याबद्दल माझे मन आजही दोलायमान आहे. पण निदान तिथे प्रश्न नीट मांडला गेला होता.

तेव्हा हे कोष्टक पुन्हा छापणार असाल तर दरडोई रकान्याशेजारी आणखी दोन रकाने द्यावेत, ही विनंती: दर टन मालामागे किती उत्सर्जन, आणि तो माल कोणत्या देशात वापरला गेला.

आपला,
सिमेंट कारखान्यातील एक निवृत्त केमिस्ट,
चंद्रपूर