घरी परतलेल्या कर्करुग्णांच्या वेदनेकडे लक्ष द्यावे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांना घरच्या घरी वेदनाशमन व शुश्रूषा मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने असंख्य कुटुंबांना आधार दिला. त्यांत आमचेही कुटुंब आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु 'आता यांना घरी घेऊन जा' असे सांगितले गेल्यावर रुग्ण ज्या घरात आपले उरलेले आठवडे काढतो, तिथवर शासनाची मदत पोहोचत नाही.

माझ्या मामांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला होता. गालाला आरपार पडलेल्या जखमेला इतका वास येई की ते आपणहून सर्वांकडे पाठ करून जेवायला बसत आणि नातवंडांना जवळ येऊ देत नसत. पुढे ओळखीच्या एका परिचारिकेने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सांगितली आणि थोड्याच दिवसांत तो वास बराच कमी झाला. ही अगदी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी गोळी आहे. आम्हाला सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची कथा अधिक क्लेशदायक आहे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, त्यामुळे एखादी मात्रा चुकली की पहाटेपूर्वीच कळा सुरू होतात. तालुक्याला ती गोळी मिळत नसल्याने घरातील एकाला रोजगार बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागे, आणि 'याने व्यसन लागेल' या भीतीने मामी हात आखडता घेत. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या मॉर्फिनबाबत ही भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र बद्धकोष्ठता होते म्हणून सोबत रेचक द्यावे लागते, हे पहिल्याच दिवशी समजावून सांगणारे माणूस हवे होते.

अडचण कायद्याची आहे, असे आता म्हणता येणार नाही. 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसारखी आणि सोपी पद्धत आली. मॉर्फिन ज्यापासून बनते त्या अफूची आपल्या देशात परवान्याने शेती होते, नीमच व गाझीपूर येथे अफूवर प्रक्रिया करणारे शासकीय कारखाने आहेत. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, धोरण आणले, त्यापाठोपाठ 2012 मध्ये आपल्या राज्याने आणले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाचे पथक रुग्णांच्या घरी जाते, वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे. केरळमध्ये मात्र 1993 साली कोझिकोडला सुरू झालेले काम स्वयंसेवक आणि पंचायतींच्या बळावर गावागावांत गेले; तेथे परिचारिका ठरल्या दिवशी रुग्णाच्या दारी येते. आपले धोरण कागदावर इतक्या लवकर आले असताना आमच्या तालुक्यातील रुग्णाला त्याचा उपयोग होऊ नये, याचे मला मनापासून दुःख वाटते.

म्हणून विनंती आहे की प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन व ते देऊ शकणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना जखमेची मलमपट्टी, नळीवाटे आहार व शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळणे यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देऊन त्यांच्या गृहभेटी ठरवून द्याव्यात. या भेटींचा खर्च जन आरोग्य योजनेत समाविष्ट करावा. रात्री कळा वाढल्यास विचारता येईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा. बहुतेक घरांत ही शुश्रूषा पत्नी किंवा सून करते, आणि रात्री ती एकटीच जागी असते. घरी मृत्यू झाल्यावर मृत्यूच्या कारणाचा दाखला मिळवण्यासाठीही कुटुंबाला वणवण करावी लागू नये, त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना द्याव्यात.

यासंबंधीचा शासन निर्णय निघावा आणि कोणत्या तालुक्यात मॉर्फिन उपलब्ध आहे, हे दर तिमाहीला जाहीर व्हावे, ही विनंती.

आपली नम्र,
एका कर्करुग्णाची भाची
सोलापूर जिल्हा